२ चे घात, दोन टोकं आणि हातचा

प्रश्न एका पालकांचा आहे: "माझी मुलगी आठवीत आहे. तिने वहीत २ चे पहिले ४० घात लिहून काढले. त्यातली एकही संख्या ७ ने किंवा ९ ने सुरू होत नाही असं तिच्या लक्षात आलं. हा नियम आहे का? शेवटच्या अंकाचा २, ४, ८, ६ असा क्रम तिला माहीत आहे. तसे आणखी काही क्रम या अंकांत असतात का?"

हा नियम नाही. पण तिचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटलं. मी २७ वर्षं गणित शिकवते आहे, त्यातली बरीचशी ऑलिम्पियाडची तयारी करणाऱ्या मुलांबरोबर गेली. शेवटचा अंक बघणारी मुलं पुष्कळ भेटतात, कारण तो धड्यात असतो. कुणी न सांगता पहिल्या अंकाकडे बघणारी फार थोडी. म्हणून जरा सविस्तर लिहिते. २^४६ असं लिहिलं की २ चा ४६ वा घात समजा.

तिने आणखी ६ ओळी लिहिल्या असत्या तर २^४६ = ७०३६८७४४१७७६६४ मिळाला असता. ९ साठी २^५३ पर्यंत जावं लागतं: ९००७१९९२५४७४०९९२. इतका उशीर का लागतो, ते तिच्या वहीतच दिसतं. २^६, २^१६, २^२६, २^३६ या चार ओळी शोधा, एकाखाली एक लिहा आणि खाली २^४६ जोडा:

६४
६५५३६
६७१०८८६४
६८७१९४७६७३६
७०३६८७४४१७७६६४

दर १० घातांनी संख्या १०२४ पट होते. बरोबर १००० पट झाली असती तर पुढचे अंक जसेच्या तसे राहून मागे नुसती तीन शून्यं लागली असती. ते वरचे २४ मात्र दर वेळी थोडा धक्का देतात. ६.४ चे ६.५५, मग ६.७१, मग ६.८७, आणि चौथ्या धक्क्याला ७.०४. ८ ची रांगही अशीच सरकते: ८, ८१९२, ८३८८६०८, ८५८९९३४५९२, ८७९६०९३०२२२०८, आणि त्यानंतर ९ ने सुरू होणारा २^५३.

म्हणजे तिने पाहिलं ते हे: २^० पासून पहिले अंक १, २, ४, ८, १, ३, ६, १, २, ५ असे येतात आणि हीच दहाची माळ पुन्हा पुन्हा, एकही मणी न बदलता, २^४५ पर्यंत चालते. माळेत ७ आणि ९ नाहीत, म्हणून वहीतही नाहीत. २^४६ ला माळ पहिल्यांदा तुटते. १ टीबीची डिस्क संगणकाला जोडल्यावर अनेकदा ९३१ जीबीच दिसते, तिथेही १००० आणि १०२४ मधला हाच फरक असतो.

बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात १ दाणा, दुसऱ्यात २, तिसऱ्यात ४ अशी गोष्ट तिला माहीत असेल. त्या ६४ घरांपैकी ७ ने सुरू होणारी घरं फक्त दोन, ४७ वं आणि ५७ वं. ९ ने सुरू होणारीही दोनच, ५४ वं आणि शेवटचं ६४ वं. १ ने सुरू होणारी मात्र १९ आहेत.

१ चं हे वर्चस्व का, याचं उत्तर इतकं सोपं आहे की आठवीतल्या मुलीला आजच सांगता येईल. २^१०० ही ३१ अंकी संख्या आहे. दुप्पट करत गेलं की प्रत्येक अंकसंख्येत, म्हणजे एक अंकी, दोन अंकी, तीन अंकी अशा प्रत्येक गटात, १ ने सुरू होणारा घात नेमका एकदाच येतो. नव्या गटात पाऊल पडतं ते १ वरच, कारण मागची संख्या ९९९... च्या आत होती, तिची दुप्पट १९९९... च्या पुढे जाऊ शकत नाही. आणि एकदा १ ने सुरुवात झाली की पुढची दुप्पट २ किंवा ३ वर जाते. म्हणून २^० ते २^१०० या १०१ संख्यांत १ ने सुरू होणाऱ्या बरोबर ३१. एकही संख्या न लिहिता हे कळतं.

बाकीच्या अंकांसाठी लॉग लागतो, म्हणजे १० चा कितवा घात घेतला की ती संख्या मिळते तो आकडा. अकरावी-बारावीला लॉगचं पुस्तक वापरलेल्यांना ०.३०१० पाठ असतो, तो २ चा लॉग. कल्पना करा की एका गोल रस्त्याचा घेर १ आहे आणि दर दुप्पटीला आपण ०.३०१०३ इतकं पुढे चालतो. रस्त्याचा ० ते ०.३०१० हा भाग १ चा, ०.८४५१ ते ०.९०३१ हा ७ चा, ०.९५४२ पासून फेरी पूर्ण होईपर्यंतचा ९ चा. ज्या भागात पाऊल पडेल तो त्या घाताचा पहिला अंक. आता २ चा लॉग अपरिमेय आहे. तो प/क असा अपूर्णांक असता तर २^क = १०^प झालं असतं, आणि उजवीकडे ५ हा अवयव आहे, डावीकडे नाही. अपरिमेय असल्यामुळे पाऊल पुन्हा त्याच जागी कधीच पडत नाही, आणि चालत राहिलं की रस्त्याचा कितीही बारीक तुकडा सुटत नाही. दीर्घकाळात पावलं सगळीकडे सारखी पसरतात, हे गणितज्ञ हेर्मान वाइल यांनी १९१६ च्या लेखात फार व्यापक स्वरूपात मांडलं. म्हणून ७ चा वाटा सुमारे ५.८ टक्के, ९ चा ४.६ आणि १ चा ३०.१.

याच वाटणीकडे खगोलशास्त्रज्ञ सायमन न्यूकम यांचं लक्ष १८८१ मध्ये गेलं ते लॉगच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं शेवटच्या पानांपेक्षा जास्त मळतात हे पाहून. भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक बेनफर्ड यांनी १९३८ मध्ये नद्यांपासून लोकसंख्येपर्यंतच्या आकड्यांत ती तपासली आणि नाव त्यांचं पडलं: बेनफर्डचा नियम. पण नद्यांच्या बाबतीत तो कल आहे, २ च्या घातांच्या बाबतीत तो सिद्ध झालेला नियम आहे. हा फरक मुलांना जरूर सांगावा.

आणि "कितीही बारीक तुकडा" याचा अर्थ अक्षरशः घ्यायचा. तुमच्या मुलीच्या जन्मतारखेचे आठ अंक, वर्ष आधी लिहून, घ्या, त्या आठ अंकांनी सुरू होणारा २ चा घात आहेच, एक नव्हे तर अगणित. १२३ ने सुरू होणारा पहिला तर जवळच सापडतो, २^९० = १२३७९४००३९२८५३८०२७४८९९१२४२२४.

हे झालं डावं टोक. उजव्या टोकाचा कारभार अगदी वेगळा आहे, आणि त्याचं कारण हातचा. गुणाकारात हातचा उजवीकडून डावीकडे जातो, उलट कधीच येत नाही. म्हणून एकक आणि दशक स्थानचे पुढचे अंक ठरवायला शतक, सहस्र काय आहेत हे बघावंच लागत नाही. शेवटचे दोन अंक आपल्यापुरतं बंद घर आहे. अशा घरात मोजक्याच जोड्या, त्यामुळे कधीतरी पुनरावृत्ती होणारच.

तिला हे वीस आकडे स्वतः काढू द्या, पण तुमच्यासाठी इथे देते. २^२ पासून शेवटचे दोन अंक:

०४, ०८, १६, ३२, ६४, २८, ५६, १२, २४, ४८,
९६, ९२, ८४, ६८, ३६, ७२, ४४, ८८, ७६, ५२

आणि पुन्हा ०४. आता वरच्या ओळीतला आकडा आणि त्याच्या बरोबर खालचा यांची बेरीज करा. ०४ आणि ९६, ०८ आणि ९२, १६ आणि ८४... प्रत्येक जोडी १०० ची. वर्गात फळ्यावर हे आलं की मुलं एकदम गप्प होतात. कारण एका ओळीचं आहे: १० घातांनी पुढची संख्या १०२४ पट, ती मूळ संख्येत मिळवली की १०२५ पट, आणि १०२५ ला २५ ने भाग जातो. २^२ पासून पुढे ४ ने भाग जातोच, म्हणून बेरजेला १०० ने भाग जातो. डाव्या टोकाला माळ तोडणारा १०२४ हाच, उजव्या टोकाला जोड्या जुळवणाराही हाच.

आणखी एक बघा. या वीस आकड्यांत दशक स्थानी ० ते ९ हे सगळे अंक नेमके दोन-दोन वेळा आहेत. डावीकडे १ चा वाटा ९ च्या साडेसहा पट, आणि उजवीकडे दशक स्थानी काटेकोर समान वाटणी. एकाच संख्येच्या दोन टोकांना दोन वेगळे कायदे चालतात. अंकांत काही क्रम दिसला की पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की आपण कोणत्या टोकाला उभे आहोत.

आवर्तनाची लांबी एका अंकासाठी ४, दोन अंकांसाठी २०, तीनसाठी १००, चारसाठी ५००, दर वेळी पाचपट. इतर पायांसाठी लांबी बदलते, पण एकक स्थानापुरती एक गोष्ट सगळ्यांना लागू आहे: कोणत्याही पूर्ण संख्येच्या पाचव्या घाताचा शेवटचा अंक मूळ संख्येचाच असतो. ३^५ = २४३, ७^५ = १६८०७, ८^५ = ३२७६८.

उजव्या टोकाचे कायदे पक्के असल्यामुळे तिथे हवी तशी नक्षी काढता येते. तीन अंकांचं आवर्तन १०० चं, म्हणून २^३ = ८ नंतर १०० घातांनी येणारा २^१०३ हा ००८ ने संपतो: १०१४१२०४८०१८२५८३५२११९७३६२५६४३००८. तसंच २^२५०५ चा शेवट ०००३२ होतो. शून्यांची रांग हवी तेवढी लांब करता येते, फक्त घात तितका पुढचा घ्यायचा. दुसरी नक्षी मला जास्त आवडते. २^९ = ५१२ चे शेवटचे दोन अंक १२. २^८९ = ६१८९७००१९६४२६९०१३७४४९५६२११२ चे शेवटचे चार २११२. शेवटचे हजार अंक फक्त १ आणि २ असावेत अशी अट घातली तरी असा घात मिळतोच, आणि हजाराच्या जागी कितीही मोठी संख्या घाला.

दोन्ही टोकांच्या मधला पट्टा मात्र कुणाच्याच ताब्यात नाही. गंमत अशी की तिथेही हातच्याचा नियम पहिलीतल्या मुलाला समजेल असाच आहे. दुप्पट करताना प्रत्येक अंकाची दुप्पट करून एकक ठेवायचा, आणि उजवा शेजारी ५ किंवा मोठा असेल तर १ मिळवायचा. बस्स. म्हणजे दुपटीत ० कुठे येणार? जिथे ० किंवा ५ आहे आणि उजवा शेजारी ५ पेक्षा लहान आहे, तिथे.

आता २^८६ बघा: ७७३७१२५२४५५३३६२६७१८११९५२६४. २६ अंक आणि एकही शून्य नाही. यात ५ च्या उजवीकडे लहान अंक किती ठिकाणी आहे ते बोट ठेवून मोजा. ५२, ५३ आणि शेवटाकडे पुन्हा ५२, अशी तीन ठिकाणं. दुप्पट केली की २^८७ = १५४७४२५०४९१०६७२५३४३६२३९०५२८, त्यात बरोबर तीन शून्यं.

२^८६ च्या पुढे शून्य नसलेला एकही घात आजवर सापडलेला नाही. २^० पासून धरून असे घात एकूण ३६ आहेत. अंदाज बांधून बघू. २^न मध्ये साधारण ०.३०१ × न अंक असतात. प्रत्येक अंक शून्य नसण्याची शक्यता दहात नऊ मानली, तर असे एकूण ३२ च्या आसपास घात मिळावेत. मिळाले ३६. हाच हिशोब सांगतो की २^१००० च्या पुढे असा एखादा सापडण्याची शक्यता एक लाख कोटीत एकाहूनही कमी आहे. पण अंदाज म्हणजे सिद्धता नव्हे. अंकांनी नाणेफेकीसारखं वागायचं कबूल केलेलं नाही, आपण तसं धरून चाललो आहोत. २^८६ हा शेवटचाच, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. सगळे अंक सम असलेल्या घातांचंही तेच: २, ४, ८, ६४, २०४८, आणि पुढे कुणाला सापडलेला नाही. भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांनी २००५ मध्ये याच जातीचं विधान पुढे केलं होतं: २ च्या घाताचे अंक उलटे लिहून ५ चा घात कधीच मिळत नाही. हे खरं आहे अशी त्यांची खात्री होती, आणि ते सिद्ध करता येणार नाही अशीही.

मधल्या पट्ट्याबद्दल थोडंफार सिद्ध होतं, आणि त्यातला एक भाग शाळेच्या गणितात बसतो. २^४ आणि पुढच्या कोणत्याही घाताचे दशक, शतक, सहस्र हे तिन्ही अंक एकदम शून्य असू शकत नाहीत. असते तर शेवटचे चार अंक मिळून ९ किंवा त्याहून लहान संख्या झाली असती, आणि त्या चौघांना १६ ने भाग जायला हवा. तशीच पुढची पायरी: २^१४ = १६३८४ हा ९९९९ पेक्षा मोठा, म्हणून तिथून पुढे उजवीकडून ५ व्या ते १४ व्या स्थानांत एक तरी अंक शून्य नसलेला हवाच. अशा पायऱ्या चढत गेलं की घात वाढतो तशी शून्य नसलेल्या अंकांची संख्या वाढत जाते, हे पक्कं होतं. असा पुरावा मी ज्या दिवशी मुलांना दाखवते, त्या दिवशी तास संपल्याची घंटा मला नको असते.

अंकांची बेरीज हाही एक धागा आहे, आणि तो दोन्ही टोकांना न विचारता सगळ्या अंकांकडे एकदम बघतो. बीजांक काढत गेलं, म्हणजे बेरीज एक अंकी होईपर्यंत, तर २ च्या घातांचे बीजांक २, ४, ८, ७, ५, १ असे सहाच्या चक्रात फिरतात. यावरचं जुनं कोडं: २^२९ नऊ अंकी आहे आणि त्याचे सगळे अंक वेगळे आहेत, संख्या न काढता सांगा कोणता अंक गळाला. २९ ला ६ ने भागून बाकी ५, म्हणून बीजांक ५. शून्य ते नऊची बेरीज ४५, बीजांक ९. नवातून पाच गेले, उरले चार. २^२९ = ५३६८७०९१२, चार नाही.

हातचा क्रम कसा मोडतो ते बघायला ११ चे घात उत्तम: १२१, १३३१, १४६४१ अशी सुंदर कमान येते आणि पाचव्या घाताला १६१०५१. हातचा आला, कमान मोडली. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर अशा संख्यांवर जीव लावून बसत. १२१, १२३२१, १२३४३२१ या कुळातल्या संख्यांना त्यांनी डेम्लो हे नाव दिलं ते डोंबिवली स्थानकावरून. नऊ एकांच्या वर्गापर्यंत कमान टिकते, दहा एकांच्या वर्गाला १२३४५६७९००९८७६५४३२१ येतो. चढणीवरचा ८ हरवला आणि मध्ये दोन शून्यं आली, पुन्हा हातच्यामुळेच. कापरेकरांच्याच नावाच्या संख्यांमध्ये ४५ आहे: वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ म्हणजे ४५.

एक व्यवहाराची सूचना. तिला पुढचे घात एक्सेलमध्ये काढू देऊ नका. एक्सेल १५ अंकच खरे ठेवतं. २^४९ बरोबर येतो, पण २^५० = ११२५८९९९०६८४२६२४ च्या जागी शेवटी २० दिसतं, आणि पुढे सगळ्या घातांच्या शेपटीला शून्यं. एका हुशार मुलाने त्यावरून "५० नंतर प्रत्येक घात शून्याने संपतो" असा नियम मांडलेला मी पाहिला आहे. २ च्या घाताला ५ ने भागच जात नाही, तर शेवटी शून्य येईल कुठून, हे त्याच्या लक्षात आणून द्यावं लागलं. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत 2**500 (म्हणजे २^५००) लिहिलं की सगळे अंक खरे मिळतात. पण २^६० पर्यंत तरी चौकटीच्या वहीत, हातानेच करू दे. हातचा बोटांना कळला पाहिजे.

आणि हे झालं की समोरच्या पानावर ५ चे घात लिहायला सांगा. २^५ = ३२, ५^५ = ३१२५. २^१५ = ३२७६८, ५^१५ = ३०५१७५७८१२५. शून्यावा घात (१ आणि १) सोडला, तर दोन्ही पानांवर एकाच घातांकाला पहिला अंक सारखा आला की तो दर वेळी ३ च असतो. का, ते तिला शोधू दे. अडली तर एवढंच सांगा, की समोरासमोरच्या दोन संख्यांचा गुणाकार करून बघ.